हसू जरा उशिरा येतं

विनोदी कार्यक्रम म्हटला की टीव्हीवाले मागून हसण्याचा आवाज सोडतात. म्हणजे कुठं हसायचं हेही तेच सांगणार! पण मैत्रिणींनो, विनोदाची आणखी एक जात आहे. चेहरा मख्ख, आवाज सपाट, आणि आपण काही गमतीचं बोललो हे बोलणारीच्या गावीही नाही. आमच्या सोयगावात अशा आज्या गल्लोगल्ली सापडतील. लग्नाच्या पंगतीत भाजी खारट झाली तर तक्रार नाही की नाक मुरडणं नाही. शांतपणे म्हणतील, "पाणी मात्र छान आहे हो." हसू येतं ते हात धुताना.

याच जातीचा एक मराठी सिनेमा आहे, 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे या तरुण दिग्दर्शकाचा हा पहिलाच मोठा चित्रपट. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आणि २०१५ मध्ये भारतातर्फे तो ऑस्करला गेला. तालुक्याच्या गावी असले सिनेमे कुठले यायला? आम्ही दोघी-तिघींनी तो नंतर मोबाइलवर पाहिला. यात कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो. माणसं येतात, बोलतात, निघून जातात, तरी तो हलत नाही. शेजारच्या वहिनी दर पाच मिनिटांनी विचारायच्या, "अडकला का गं?"

गोष्ट साधी आहे. नारायण कांबळे नावाच्या म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला भरलाय. आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून एका गटार कामगारानं जीव दिला! वाचतानाच हसू येतं ना? पण सिनेमात कुणीच हसत नाही. तारखांवर तारखा पडतात. एका बाईनं बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून न्यायाधीश तिची केस घेतच नाहीत, तेही अगदी सहज आवाजात. कांबळेंचं काम केलं नागपूरच्या वीरा साथीदारांनी. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ मध्ये करोनानं ते गेले.

मला मात्र या सिनेमात सगळ्यात जास्त भेटली ती सरकारी वकील नूतन. गीतांजली कुलकर्णी आठवतात ना, 'गुल्लक'मधली आई? त्याच. दिवसभर कोर्टात एका सुरात कलमं वाचून दाखवायची, मग लोकलमध्ये बायकांशी साडीच्या आणि तेलाच्या गप्पा. वाटेत मुलाला घ्यायचं. घरी आलं की कपडे बदलून थेट ओट्याशी. घरचे टीव्हीसमोर बसलेत आणि ही वाढतेय. मागं करुण बासरी नाही, डोळ्यांत पाणी नाही. कॅमेरा नुसता उभा. दुसऱ्या एखाद्या सिनेमात इथं तिला एक भाषण दिलं असतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ही तर आपलीच बाई." त्यानंतर त्यांनी अडकला का, असं विचारलं नाही.

आणि तीच आपली बाई डबा खाताना सहज म्हणते, की त्या माणसाला वीस वर्षं आत टाकावं आणि मोकळं व्हावं, तेच ते चेहरे बघून कंटाळा आला. तिला राग नाही की द्वेष नाही, फक्त लवकर घरी जायचंय. आम्ही आधी हसलो आणि मग गप्प झालो. ती खलनायिका असती तर सोपं गेलं असतं.

फिनलंडचे आकी कौरिस्माकी अशा मख्ख चेहऱ्यांसाठी जगभर ओळखले जातात. त्यांच्या २०२३ मधल्या 'फॉलन लीव्हज'मधली एकटी राहणारी कामगार बाई, पाहुणा जेवायला येणार म्हणून दुकानातून एक जास्तीची ताटली आणते. घरात एकच असते ना! तिचं एकटेपण तेवढ्यात कळतं. ती तोंडातून चकार शब्द काढत नाही.

'कोर्ट'मध्ये तशी जागा त्या मेलेल्या कामगाराच्या बायकोची आहे. हे काम केलं उषा बाने यांनी. त्यांचे पतीही गटाराचं काम करायचे आणि ते वारले होते. साक्षीच्या पिंजऱ्यात ही बाई सांगते, की तो उतरण्याआधी खाली खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, मग उतरायचं. वास सोसावा म्हणून आधी दारू प्यायचा. बाजार सांगावा तशा सुरात ती हे सांगते. नंतर बचावाचा वकील तिला पैसे देऊ करतो, तर ती ते घेत नाही. काही काम असलं तर सांगा, म्हणते.

सिनेमा दोन तासांच्या आत संपतो. भिशीच्या दिवशी चौघी-पाचजणींनी मिळून बघा, एकटीनं नको. नंतर बोलायला कुणीतरी लागतं. नूतन चांगली की वाईट, यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही.