नांदता वाडा : पैठण येथील नाथांचे घर

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की मराठवाड्यातील दिंड्यांची पावले श्रीक्षेत्र पैठणकडे वळतात. करमाडच्या भाविकाने छत्रपती संभाजीनगर गाठून दक्षिणेची वाट धरली, की तेथून सुमारे ५० किलोमीटरवर गोदातीर येते. नदीकाठच्या समाधिमंदिरात माथा टेकविला म्हणजे पुष्कळांना यात्रा पुरी झाली असे वाटते. परंतु ज्या वास्तूत नाथांचा प्रपंच फुलला, तो गावातील वाडा पाहिल्यावाचून नाथ पुरते उमगत नाहीत.

श्रीएकनाथमहाराज (१५३३–१५९९) हे गृहस्थाश्रमी संत. याच घरी गिरिजाबाईंनी संसार केला. कालांतराने वाड्याचे मंदिर झाले. विजयी पांडुरंगाची मूर्ती येथेच पूजिली जाते. तथापि पाहणाऱ्याची दृष्टी खिळते ती दोन साध्या वस्तूंवर : पाण्याचा रांजण आणि चंदन उगाळण्याची सहाण. भगवंत श्रीखंड्याच्या रूपाने बारा वर्षे या घरी राबला, गोदेचे पाणी आणून रांजण भरीत राहिला, सहाणेवर गंध उगाळीत राहिला, अशी श्रद्धा आहे. घरात नळ नसलेल्या त्या काळी नदीचे पाणी वाहून आणणे हे घरातील सर्वांत कष्टाचे काम. त्यात अतिथींचा राबता. देवाने सेवा निवडली ती नेमकी हीच!

त्या काळचे जनजीवन नाथांच्या वाङ्मयातही जपले गेले आहे. ‘रुक्मिणीस्वयंवरा’त मराठी घरच्या विवाहाचे सोहळे आहेत, तर भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी दारी येतात. पैठणास आरंभिलेली भागवतटीका १५७३ मध्ये वाराणसीस पूर्ण झाली.

मात्र हे घर केवळ सुखाचे नव्हते. श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी गावकुसाबाहेरील भुकेल्यांना आधी वाढला आणि ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला, असे चरित्रकार सांगतात. वडिलांचे प्राकृत पुराण न रुचून विद्वान पुत्र हरिपंडित काशीस निघून गेले, हीही कथा प्रसिद्धच आहे. पुढे ते परतले. पिता-पुत्रांतील मतभेद ज्या घराने सोसला, त्याच घराने परतणाऱ्याला सामावूनही घेतले.

संग्रहालयातील वस्तू काचेआड स्तब्ध असतात. येथील रांजण मात्र आजही भरला जातो. तुकाराम बीजेस त्याची पूजा होऊन पाणी घालण्यास प्रारंभ होतो. भाविक घागरी ओततात, आणि रांजण भरून वाहू लागला म्हणजे देव येऊन गेला, असे मानतात.

आपल्या घरांतून रांजण गेले, सहाणही देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात सरली. काळाबरोबर वस्तू जायच्याच. परंतु तहानलेल्याला पाणी आणि भुकेल्याला पान, ही नाथांच्या उंबरठ्याची रीत गेली, तर षष्ठीच्या यात्रेतून आपण घरी काय आणले? यंदा पैठणला जाणाऱ्याने वाड्यात क्षणभर थांबावे, रांजणात एक घागर घालावी आणि ती रीत आपल्या उंबरठ्याआत घेऊन यावी.