विश्लेषण : गाणी ॲपवर, फाइलमध्ये की सीडी-एलपीवर? माळ्यावरच्या कॅसेटचे काय करायचे?

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक खोके खाली येते. त्यात नाट्यसंगीताच्या कॅसेट, आठ-दहा एलपी, कुणाच्या तरी लग्नात भेट आलेल्या सीडी निघतात. ‘आता सगळे मोबाइलवर मिळते’ असे म्हणत ते भंगारवाल्याकडे जाते, नाही तर ‘राहू दे, आठवण आहे’ म्हणून पुन्हा वर चढते. दोन्ही निर्णय घाईचे ठरू शकतात. घरी गाणे ऐकण्यासाठी काय वापरावे आणि काय जपून ठेवावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आवाजात खरेच फरक असतो का?

असतो, पण सांगितला जातो तेवढा नाही. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. दोन्ही चॅनेल मिळून सेकंदाला साधारण १,४११ किलोबिट माहिती होते. १२८ किलोबिटची एमपी३ फाइल म्हणजे त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा. कानाला जाणवणार नाही असा भाग एमपी३ गाळून टाकते, पण एवढ्या कमी जागेत तिला जाणवणारा भागही गाळावा लागतो. तानपुऱ्याची वरची झिलई, तबल्याच्या थापेची धार आणि मैफलीतल्या टाळ्या यांत ते पटकन कळते. टाळ्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारख्या वाटू लागल्या की फाइल कमी दर्जाची समजावी.

३२० किलोबिटच्या फाइलमध्ये मात्र बहुतेकांना डोळे झाकून फरक सांगता येत नाही. फ्लॅक या प्रकारात तर काहीच गाळले जात नाही. झिप फाइलसारखी माहिती फक्त घडी घालून ठेवली जाते आणि ऐकताना जशीच्या तशी उलगडते. सीडीवरून नीट केलेली फ्लॅक फाइल आणि ती सीडी यांत आवाजाचा फरक नसतो. ब्लूटूथवर मात्र आवाज सहसा पुन्हा आकुंचन पावतो. त्यामुळे फ्लॅक फाइल स्वस्त ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणाऱ्याने आधी स्पीकर बदलावा, फाइलचा विचार नंतर करावा.

मग एलपीचे वेड कशामुळे परतले?

अमेरिकेत २०२२ मध्ये, १९८७ नंतर प्रथमच, सीडीपेक्षा एलपीचे अधिक नग विकले गेले. मोठे मुखपृष्ठ, तबकडी काढून पुसण्याचा सोपस्कार, एक बाजू संपली की उठणे, या सगळ्यामुळे माणूस समोर बसून गाणे ऐकतो. हा आनंद खराच आहे. मात्र ‘एलपी म्हणजे शुद्ध ॲनालॉग’ हा समज तपासून घ्यावा. नव्याने निघणाऱ्या अनेक एलपी डिजिटल मास्टरवरूनच तयार होतात. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी तर जाणकारांच्या पसंतीची. तिच्याही अनेक एलपींच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता, हे २०२२ मध्ये उघड झाले आणि जाणकारांनाही ते कानाने कळले नव्हते.

जुन्या एलपी घरात असतील तर त्या ऐकाव्यात, पण सूटकेससारख्या दिसणाऱ्या स्वस्त प्लेअरवर नव्हे. त्यातल्या बऱ्याच प्लेअरची सुई जड दाबाने चालते आणि खाचा झिजवते. लाखेच्या ७८ गतीच्या तबकड्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. त्या अल्कोहोलने कधीही पुसू नयेत, लाख विरघळते.

या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत, म्हणून त्या पिढीच्या गवयांनी राग तेवढ्यात बसवायची वेगळी विद्या कमावली. केसरबाई केरकर यांच्या ‘जात कहां हो’ या भैरवीला ‘व्हॉयेजर’ यानांवर जागा मिळाली तीही साडेतीन मिनिटांचीच. १९७७ मध्ये ‘नासा’ने आवाज अंतराळात पाठवला तो सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर, सोबत सुई आणि ती वापरण्याची चित्रे देऊन.

ॲपवरचे गाणे आपले असते का?

नाही. महिन्याचे पैसे भरतो ते ऐकण्याच्या परवानगीचे. मार्च २०२३ मध्ये करार न झाल्याने झी म्युझिकची अनेक गाणी स्पॉटिफायवरून नाहीशी झाली. भारतातली रेसो सेवा २०२४ च्या जानेवारीत बंद झाली, त्याच वर्षी विंक म्युझिक गुंडाळण्याचा निर्णय झाला. अशा वेळी वर्षानुवर्षे जमवलेल्या यादीचे काय होते, ते त्या यादीवाल्यालाच ठाऊक. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले गाणेही वर्गणी थांबली की उघडत नाही.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. ॲपवर गायकाचे नाव असते, फार तर रागाचे. तबल्याला कोण, संवादिनीवर कोण, मैफल कुठली, साल कोणते, हे बहुधा नसते. एलपीच्या मागच्या बाजूला ते छापलेले असे. एकाच गायकाचे तीन मारुबिहाग ॲपवर सापडतात आणि हवा होता तो यातला कोणता, हे कळायला मार्ग नसतो.

तरीही रोजच्या ऐकण्याला ॲप सोडण्याचे कारण नाही. नवे गाणे चाचपून पाहायला त्याच्याइतके स्वस्त काही नाही. मात्र दहा वर्षांनीही हवीच असतील अशा पन्नास-शंभर ध्वनिमुद्रणांची गोष्ट वेगळी. ती फाइल म्हणून विकत घ्यावीत (बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावर फ्लॅक मिळते) किंवा त्यांची सीडी शोधावी.

सीडीला आज कुणी विचारत नाही, मग ती का घ्यावी?

कुणी विचारत नाही म्हणूनच. मुंबईतले काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हापासून नवी सीडी दुकानात दिसणे दुर्मीळ झाले आहे. पण जुन्या सीडी रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत एलपीच्या मानाने किरकोळ भावात मिळतात. संगणकाला जोडायचा ड्राइव्ह आणि ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखे मोफत सॉफ्टवेअर असले की तिची फ्लॅक फाइल होते. तासाभराच्या सीडीला साधारण ३०० ते ४०० एमबी लागतात, म्हणजे ५०० सीडींचा संग्रह २५६ जीबीच्या छोट्या ड्राइव्हवर मावतो. दर्जा, मालकी आणि खर्च हे तिन्ही एकत्र पाहिले, तर घरच्या ऐकण्यासाठी याहून चांगला सौदा सध्या नाही. छापील सीडी टिकते. घरी ‘बर्न’ केलेल्या सीडीचा भरवसा नाही, तिची नक्कल आधी करावी.

आणि कॅसेटचे काय?

खरी घाई इथे आहे. बाजारात विकली गेलेली कॅसेट आज ना उद्या कुठे तरी सापडेल. पण गणेशोत्सवातल्या मैफलीचे टेपरेकॉर्डरवर केलेले मुद्रण, आकाशवाणीवरून उतरवून घेतलेला कार्यक्रम, आजीच्या आवाजातल्या ओव्या यांची जगात एकच प्रत असते. कोकण-मुंबईच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच वाजवू नये. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही लागू शकते. ती जाणकाराकडे द्यावी.

बाकीच्यांचे काम घरी होते. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे चुकून वर दुसरे काही भरले जात नाही. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवावी. डेकची तार ऑडिओ इंटरफेसमार्गे संगणकाला जोडावी आणि ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरवर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झमध्ये मुद्रण करावे. आवाज मंद, गढूळ वाटला तर हेडचा कोन बिघडलेला असू शकतो. त्याचा बारीक स्क्रू किंचित फिरवला की कित्येकदा गाणे एकदम उजळते. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात, घाई करता येत नाही. खरखर काढण्याचे फिल्टर मूळ फाइलवर लावू नयेत. हवे तर नकलेवर लावावेत.

तयार फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्यातली एक घराबाहेर, भावा-बहिणीकडे किंवा क्लाउडवर. फाइलच्या नावात गायक, साथीदार, गाव आणि साल लिहावे. आवाज कुणाचा हे ओळखणारे घरातले ज्येष्ठ असतील, तर त्यांना शेजारी बसवूनच ऐकावे. कॅसेटच्या वेष्टनावर कुणाच्या अक्षरात काही लिहिलेले असेल, तर मोबाइलने त्याचा फोटो काढून तोही त्याच फोल्डरमध्ये ठेवावा.