ब्रेडीच्या जागी कॅसल

अमेरिकन फुटबॉलमध्ये बहुतेक प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते, आणि तोच जायबंदी झाला की आक्रमणातले बाकीचे दहा जण जवळपास तेच राहून मधला एकच घटक बदलतो. कोणी मुद्दाम न मांडलेल्या, परिस्थितीनेच जुळवून आणलेल्या अशा तुलनेला शास्त्रात नैसर्गिक प्रयोग म्हणतात. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा २००८ चा हंगाम हा त्याचा, प्रतिस्पर्धी संघ बदलतात एवढा दोष वगळता, बराच स्वच्छ नमुना आहे. आदल्या वर्षी टॉम ब्रेडी असताना या संघाने साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकून ५८९ गुण केले होते. २००८ च्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा डावा गुडघा निकामी झाला आणि जबाबदारी मॅट कॅसलवर आली, जो शाळा सोडल्यापासून एकाही सामन्यात सुरुवातीपासून क्वार्टरबॅक म्हणून उतरला नव्हता. गुण ४१० वर आले, तरी संघाने अकरा सामने जिंकले.

घसरण किती झाली यापेक्षा ती नेमकी कोठे झाली, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. चार पावले पळून झटकन वळणारा आणि आखूड पास झेलणारा वेस वेल्कर याने २००७ मध्ये ११२ झेल घेतले होते, २००८ मध्ये १११. म्हणजे फरक नाहीच. दूरवर धावत जाणाऱ्या रँडी मॉसचे टचडाउन मात्र २३ वरून ११ वर आले. आखूड पासाची जागा आणि वेळ आराखड्यातच ठरलेली असते, तर लांब पास झेलणारा मोकळा होण्याच्या आधीच हातातून सुटावा लागतो आणि तो अंदाज एकत्र सरावातूनच येतो. हा सराव राखीव खेळाडूला फारसा मिळत नाही, कारण आठवडाभर मुख्य खेळाडूंबरोबर मुख्य क्वार्टरबॅकच खेळतो आणि राखीव माणूस बहुधा पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करत असतो.

सॅक, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाणे, याचे आकडे त्याहून बोलके आहेत: ब्रेडी २००७ मध्ये २१ वेळा पाडला गेला, कॅसल ४७ वेळा. सॅकचे खापर सहसा समोर भिंत धरणाऱ्या लाइनवर फुटते. पण लाइन बहुतांशी तीच होती, तेव्हा निर्णयाला लागलेला अर्धा-पाऊण सेकंद हेच खरे कारण असावे.

एका उदाहरणावरून नियम काढणे अर्थातच धोक्याचे. फिलाडेल्फिया ईगल्सच्या निक फोल्सने कार्सन वेंट्झच्या जागी येऊन फेब्रुवारी २०१८ मध्ये सुपर बोल जिंकला, ते सर्वांच्या लक्षात राहते. पेटन मॅनिंगविना २०११ मध्ये तीन क्वार्टरबॅक वापरून सोळापैकी दोनच सामने जिंकणारा इंडियानापोलिस कोल्ट्स कोणाला आठवत नाही, आणि निवडक आठवणींवर उभा राहिलेला निष्कर्ष कलता असतो.

एकट्या हंगामावरून तर एका खेळाडूचाही अंदाज बांधता येत नाही. कॅसलला कॅन्सस सिटी चीफ्सने २००९ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक म्हणून घेतले. तेथे पहिल्या हंगामात त्याच्या पासांवर १६ टचडाउन झाले आणि तितकेच पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले. पुढच्या वर्षी, त्याच संघाकडून, हे आकडे २७ आणि ७ होते.