मिलिमीटरची गोष्ट

दोस्तांनो, पावसाळ्यात बातम्या ऐकता ना? 'गेल्या चोवीस तासांत अमुक ठिकाणी दीडशे मिलिमीटर पाऊस.' मिलिमीटर म्हणजे तुमच्या पट्टीवरचं ते सगळ्यात छोटं अंतर! मग त्यात घाबरण्यासारखं काय?

चला, हिशेब करू. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस साठला, तर पाणी होतं बरोबर एक लिटर. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे २० चौरस मीटरच्या छोट्याशा गच्चीवर जवळजवळ १९ हजार लिटर पाणी! दहा हजार लिटरचे दोन टँकर भरत आले की! आणि नवल म्हणजे त्याच दिवशी कुलाब्याला पडला फक्त ७३ मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा 'आमच्याकडे कुठे एवढा पाऊस आहे?' म्हणून निर्धास्त राहू नका.

कोकणात इतका पाऊस का पडतो? अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि सगळं ओझं तिथेच रिकामं करतात. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. त्यामुळे डोंगरात कोसळलेलं पाणी काही तासांतच खालच्या गावात पोचतं.

नेमकी त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर? खाडीचं पाणी चढलेलं असतं, नदीच्या पाण्याला पुढे सरकायला वाट मिळत नाही. मग ते शिरतं बाजारात आणि घरात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी असते. तिला उधाणाची भरती म्हणतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं, सावित्रीच्या पुरात महाड. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली.

दरड कोसळण्याआधी डोंगर कधी कधी खुणा देतो. जमिनीला नव्या भेगा पडतात. झाडं किंवा विजेचे खांब कलतात. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं. घराची दारं एकाएकी अडकू लागतात. यातलं काही दिसलं तर घरातल्या मोठ्यांना लगेच सांगा. 'लहान तोंडी मोठा घास' असं कोणी म्हणालं तरी सांगाच! मात्र खूण दिसली नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका.

हवामान विभाग इशाऱ्यांसाठी रंग वापरतो. यलो म्हणजे लक्ष ठेवा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा. रेड म्हणजे आता हालचाल करा. एका दिवसात ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की तो 'जोरदार', ११५.५ च्या वर 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'.

पण नुसता आकडा ऐकून भागत नाही. इशारा आला की घरात तीन प्रश्न विचारा. आपलं घर कुठे आहे, नदीकाठी की डोंगरउतारावर? आज भरती किती वाजता? निघायची वेळ आली तर जायचं कुठे आणि कोणत्या रस्त्याने? आईबाबांनो, या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाऊस सुरू होण्याआधीच मुलांना देऊन ठेवा. आणि साकवावरून पाणी वाहत असेल तर शाळा बुडाली तरी चालेल, पण पाण्यात पाय घालायचा नाही. गुडघाभर वाहतं पाणीसुद्धा मोठ्या माणसाला लोळवतं. मदतीसाठी ११२ किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक पाठ करा.

करून पाहा : सपाट बुडाची, सरळ उभ्या कडांची बरणी मोकळ्या अंगणात ठेवा. झाड किंवा पागोळ्या जवळ नकोत. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा आणि बरणी रिकामी करा. हवामान खात्याची मोजायची वेळही हीच! महिनाभराने तुमच्या गावच्या पावसाबद्दल तुम्हीच मोठ्यांना सांगू लागाल.