इ-मेलची गुप्त प्रत : पाकिटावर काय, पत्रात काय?

आपल्या जिल्ह्यातील अनेक व्यापारी व कारखानदार आता दरपत्रक, बिल आणि थकबाकीची आठवण इ-मेलने पाठवितात. गिऱ्हाईक वाढले की हे काम हाताने उरकत नाही. मग एखाद्या जाणकार तरुणाकडून छोटा प्रोग्राम लिहून घेतला जातो. यात सोय मोठी आहे, तसा धोकाही आहे. समजा, घोडेगाव किंवा नेप्तीच्या बाजारातील एखाद्या कांदा व्यापाऱ्याने परराज्यातील सर्व खरेदीदारांना एकाच वेळी भाव कळविले आणि प्रत्येकाला बाकीच्यांचे पत्तेही दिसले. वर्षानुवर्षे जोडलेल्या गिऱ्हाइकांची यादी त्याने स्वतःच्या हाताने बाजारात वाटली, असेच म्हणावे लागेल.

हे टळावे म्हणून इ-मेलमध्ये ‘ब्लाइंड कार्बन कॉपी’, म्हणजे बीसीसी किंवा गुप्त प्रतीची सोय आहे. ती प्रत्यक्षात कशी चालते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

कचेरीतून येणाऱ्या पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून काही नावे असतात. इ-मेलमधील सीसी म्हणजे हीच यादी. ती सर्वांना दिसते. ज्याला प्रत गेली, पण ज्याचे नाव या यादीत नाही, तो बीसीसीवाला.

पोस्टमन पाकीट वाचतो

इ-मेल पोहोचविण्याचे व लिहिण्याचे मूळ नियम १९८२ मध्ये दोन स्वतंत्र दस्तऐवजांत ठरले. पोहोचविण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी लिहिले, तर पत्राच्या रचनेचे डेव्हिड क्रॉकर यांनी. नियम पुढे सुधारले गेले, पण ही विभागणी आजही कायम आहे.

आपला प्रोग्राम इ-मेलच्या पोस्टात, म्हणजे सर्व्हरकडे जातो, तेव्हा आधी पाठविणाऱ्याचा पत्ता सांगतो. मग ज्यांना पत्र द्यायचे त्यांचे पत्ते एकेक करून देतो. हे झाले पाकीट. त्यानंतर तो पत्र हवाली करतो. पत्राच्या डोक्यावर ‘टू’, ‘सीसी’ या ओळी असतात आणि खाली मजकूर. सर्व्हर पत्र पोहोचवितो ते पाकिटावरील पत्ते पाहून. पत्रातील ओळी केवळ वाचणाऱ्यासाठी असतात.

तेव्हा गुप्त प्रतीत जादू काही नाही. पत्ता पाकिटावर लिहावा, पत्रात लिहू नये, एवढेच.

चूक कोठे होते?

पहिली चूक म्हणजे बीसीसीची ओळ पत्रात लिहिली, पण तो पत्ता पाकिटावर घातलाच नाही. अशी प्रत कोणालाच जात नाही आणि पाठविणारा मात्र गेली असे समजून बसतो.

दुसरी चूक याहून वाईट. पत्ता पाकिटावर घातला आणि ओळही पत्रात तशीच राहिली. काही सर्व्हर ती ओळ खोडतात, काही खोडीत नाहीत. न खोडल्यास पत्राचे मूळ रूप उघडणाऱ्याला गुप्त नावे वाचता येतात. पायथन भाषेतील ‘सेंडमेल’ ही जुनी आज्ञा दिलेले पत्र जसेच्या तसे पाठविते, तर ‘सेंड मेसेज’ ही आज्ञा बीसीसीची ओळ स्वतः काढून टाकते. म्हणून कोणती आज्ञा वापरली आहे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला जरूर विचारावे.

तिसरी चूक म्हणजे सगळेच पत्ते ‘टू’च्या ओळीत घालणे. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने अफगाणिस्तानातून बाहेर पडू पाहणाऱ्या लोकांना असाच इ-मेल पाठविला आणि २४५ जणांची माहिती एकमेकांना उघड झाली. दोघांनी ‘सर्वांना उत्तर’ दिले. त्यांपैकी एकाने आपला ठावठिकाणाही कळविला. तालिबानच्या हाती ही माहिती लागती तर जिवावर बेतले असते. डिसेंबर २०२३ मध्ये या मंत्रालयाला साडेतीन लाख पौंड दंड झाला. आपल्याकडेही संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर केला असून, माहितीच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

काय करावे?

दरपत्रकासाठी उत्तम मार्ग म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळे पत्र. प्रोग्रामला शंभर पत्रे लिहिणे जड नाही. प्रत्येक पत्रावर एकच नाव असल्याने लपविण्यासारखे काही उरत नाही, आणि आपल्याला नावाने पत्र आले याचे गिऱ्हाइकालाही बरे वाटते. गुप्त प्रत ठेवावी ती आपल्या हिशेबनिसासाठी किंवा भागीदारासाठी. मात्र त्यांना बजावून ठेवावे की ‘सर्वांना उत्तर’ हे बटण दाबू नये. दाबल्यास उत्तर ‘टू’ आणि ‘सीसी’मधील सर्वांना जाते आणि गुप्त प्रत कोणाकडे होती ते उघड होते.

नवा प्रोग्राम हाती आला की आधी आपल्याच घरातील तीन पत्त्यांवर तो चालवून पाहावा, एक ‘टू’मध्ये आणि दोन बीसीसीत. तिन्ही ठिकाणी पत्र आले का, हे पाहावे. मग प्रत्येक पत्राचे मूळ रूप उघडून बीसीसीतील दोन्ही पत्ते त्यात शोधावेत. ‘टू’च्या पत्रात त्यांपैकी एकही दिसू नये आणि बीसीसीच्या पत्रांत एकाला दुसऱ्याचा दिसू नये. या तपासणीला दहा मिनिटे लागतात. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला पत्ता ही आपल्याकडील अमानत आहे. तेवढा वेळ तिच्यासाठी काढावा, असे आम्हाला वाटते.