हे नेमकं काय आहे? : अमूर्त मातीकला समजून घेताना

गेल्या वर्षी कार्यानुभवाच्या तासाला सहावीच्या मुलांना माती दिली. कुणी बैल केला, कुणी गणपती, कुणी चूल. एका मुलीने गोळा दोन्ही हातांनी पिळला, मध्ये अंगठा खुपसून भोक पाडलं आणि तसाच माझ्यासमोर आणून ठेवला. "हे काय आहे गं?" "काही नाही बाई, असंच." मी तिच्या नावापुढे 'अपूर्ण' असा शेरा लिहिला. तो शेरा आता मला खटकतो, म्हणून हा लेख.

अमूर्त म्हणजे ज्यात ओळखीची आकृती नाही असं. मडकं, पणती, संक्रांतीचं सुगड आपण लगेच ओळखतो, कारण त्यांचा उपयोग ठरलेला असतो. तो उपयोगच काढून घेतला तर? जपानमधल्या क्योतो शहरात, कुंभाराच्याच घरात जन्मलेल्या यागी काझुओ यांनी १९५४ साली हेच केलं. चाकावर घडवलेलं मातीचं एक कडं त्यांनी उभं केलं आणि त्याला लहान लहान नळ्या जोडल्या. त्यात पाणी राहत नाही की फूल. नाव दिलं 'साम्सा महाशयांचा फेरफटका'. साम्सा म्हणजे काफ्काच्या कथेतला, एका सकाळी किडा झालेला माणूस. हे नाव कळलं की त्या नळ्या पायांसारख्या दिसू लागतात. आपले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) तर आपल्या बहुतेक चित्रांना नावच देत नसत. पाहणाऱ्याला तेवढाही आधार नाही!

पालक म्हणतात, "आम्हाला यातलं काही कळत नाही." पण शेंदूर लावलेल्या तांदळ्याला नाक-डोळे कुठे असतात? आपल्या सिद्धेश्वर यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो. नंदीध्वज म्हणजे उंच काठी, तरी अक्षता टाकताना कुणी विचारत नाही की नवरदेव कुठे आहे. फरक एवढाच, की तिथला अर्थ कथेतून आपल्या सगळ्यांना मिळालेला असतो. अमूर्त शिल्पासमोर अशी कथा हाताशी नसते. आपल्या आठवणीतून सुरुवात करावी लागते.

मग वाटेल तो अर्थ लावायचा का? मला तसं वाटत नाही. (या सबबीखाली बरंच कच्चं कामही खपून जातं, हेही खरं.) अर्थ समोरच्या वस्तूतून निघायला हवा. काठ जाड आहे की धारदार, बोटांचे ठसे ठेवलेत की पुसलेत, झिलई कुठे साचली, तडा कुठे गेला, हे आधी पाहायचं. माती सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापली की तिच्यात रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं आणि तिचा पुन्हा चिखल होत नाही. क्षणभर दाबलेला अंगठा कायमचा उरतो. तांबं असलेली झिलई भट्टीत भरपूर हवा असेल तर हिरवी होते, ऑक्सिजन कमी पडला तर लालही होऊ शकते. म्हणजे कलाकारालाही सगळं आधीच ठाऊक असतं असं नाही.

वर्गात मी आता 'हे काय आहे' असं विचारत नाही. काय दिसतं, हात कुठे फिरवावासा वाटतो, कशाची आठवण येते, एवढंच विचारते. आणि मग, ती आठवण नेमक्या कोणत्या भागामुळे आली? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. त्याच्यामुळे मूल पुन्हा वस्तूकडे वळतं आणि नुसता अंदाज ठोकणं थांबतं.

तो पिळलेला गोळा खिडकीत वाळत पडला होता. शाळेत भट्टी नाही, त्यामुळे कच्चाच. यंदाच्या सहावीपुढे ठेवला. एकाला विहीर दिसली, एकीला दात पडलेल्या आजीचं तोंड. "काठ आत वळलाय ना, म्हणून," ती म्हणाली. एकजण म्हणाला, "आई चादर पिळते तसं." मी ते सगळं सातवीत गेलेल्या त्या मुलीला सांगितलं. तिने गोळा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाली, "चादर खालच्या बाजूने दिसते, बाई."

'अपूर्ण' मी खोडलं. तिथे काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत तुम्ही अशा कामाची नोंद कशी करता, ते जरूर कळवा.