आधी पावलं, मग पंख

पायलट विमानात बसायचं सोडून चालू लागला. नदीच्या पात्रात गोट्यांचं लांबट बेट, एका टोकाला आमचं विमान, दुसऱ्या टोकाला झुडपं आणि त्यापलीकडे पाणी. तो पावलं मोजत होता. वाटेतला ओंडका त्याने बाजूला फेकला, वाळूत टाच रुतवून पाहिली. दोनशेवीस पावलं भरली. शेवटची तीस मऊ लागली म्हणून त्याने ती हिशेबातून काढून टाकली आणि उरलेल्याच्या बरोबर मध्यावर काठी रोवून नारिंगी फीत बांधली.

अलास्कातल्या बहुतेक गावांना रस्ताच नाही, त्यामुळे छोटं विमान ही तिथली जीपगाडी. आमचं होतं पायपर सुपर कब : पुढे-मागे दोन सीट, दीडशे अश्वशक्तीचं इंजिन, उशीसारखे फुगीर टायर. असं विमान जवळपास कुठेही टेकतं, आणि गोम तिथेच आहे. उतरताना ते रिकामं असतं. उडताना त्यात मूस हरणाचं मांस असतं.

फितीचा हिशेब त्याने मला समजावला. अर्ध्या अंतरावर उड्डाणाच्या वेगाच्या सत्तर टक्के वेग आला नसेल, तर इंजिनाची ताकद काढून ब्रेक. वजन दहा टक्के वाढलं की धावायचं अंतर वीसेक टक्क्यांनी वाढतं. जमिनीलगत पंखांखालची हवा जरा जास्तच साथ देते, त्यामुळे जड विमानही उचलतं. पंखाच्या लांबीएवढं वर गेलं की ती साथ सुटते. समोर तेव्हा झाडं असतात.

सप्टेंबर २०२३मध्ये पश्चिम अलास्कात सेंट मेरीज गावाजवळच्या डोंगरमाथ्यावरून उडालेलं एक सुपर कब कोसळलं. पायलट, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य मेरी पेल्टोला यांचे पती, मरण पावले. मांसाची पहिली खेप नीट पोचली होती. दुसऱ्या खेपेला उजव्या पंखाच्या आधारदांड्याला शिंगंही बांधलेली होती. तपासात निघालं की उड्डाणाच्या वेळी विमान मर्यादेपेक्षा ११७ पौंडांनी, म्हणजे सुमारे ५३ किलोंनी जड होतं. त्यात शिंगांमुळे हवेचा वाढलेला अडथळा, आणि डोंगरावरची खवळलेली हवा. त्रेपन्न किलो! आपल्याकडे वडापमध्ये एवढ्याला कुणी ‘जागा नाही’ म्हणत नाही.

आमच्याकडे ताणकाटा होता. प्रत्येक पिशवी त्याला लटकवली गेली. मग त्याने माझं वजन विचारलं. मी बहात्तर म्हणालो. “बुटांसकट?” माझे बूट ओले होते, जॅकेटच्या खिशात दुर्बीण होती. मी गप्प बसलो. त्याने दोन पिशव्या उतरवल्या, थोडा विचार केला आणि मलाही उतरवलं.

विमान धावलं. फितीपाशी शेपूट केव्हाच वर आलं होतं. झुडपांच्या बऱ्याच अलीकडे चाकं सुटली. मी मांसाच्या पिशव्यांशेजारी, पण अस्वलाचा विचार करून त्यांच्यापासून बराच लांब, बसून राहिलो.

दीड तासाने तो परतला. पट्टी तीच, फीत तीच, ओझं आधीपेक्षा कमी. मी लगबगीने बॅग उचलली. त्याने हाताने थांबवलं. फीत आता उलट्या दिशेला फडफडत होती. तो दुसऱ्या टोकाला गेला आणि पुन्हा पहिल्यापासून पावलं मोजू लागला.